नाल्यापलीकडची चूल

वणी, मळ्यातून
११ डिसेंबर १९७९

धोंड्या,

नमस्कार, आणि तुझ्या पद्धतीनं जयभीमसुद्धा.

काल सकाळपासून दिंडोरीच्या पंपावर कॅन घेऊन उभा होतो. पुढे निम्मा तालुका. दुपारी पंपवाल्यानं साखळी ओढली आणि म्हणाला, डिझेल संपलं, परवा या. गव्हाला दुसरं पाणी द्यायची वेळ झालीय, विहीर भरलेली आहे आणि इंजिन बसलंय तोंड फिरवून. घरात रॉकेलची तीच रड. कुठल्या तरी वाळवंटात कोणी शेख नळ बंद करतो आणि इथं वणीत माझा गहू वाळतो, हे काय जिणं झालं? डोकं फिरलंय माझं.

तर ऐक. गोठ्यात लहानमोठी चौदा जनावरं आहेत. गोबरगॅस करायचा ठरवलंय. खादीवाल्यांकडून नकाशा आणला, सोबत पाठवतो. खालची विटांची विहीर इथला गवंडी बांधेल. वरची लोखंडी टाकी, गॅस साठला की वर उचलली जाते ती, तू बनवायचीस. दुसऱ्या कुणाच्या हाताचा मला भरवसा नाही. स्वयंपाक गॅसवर, दिवे गॅसवर, इंजिन गॅसवर. आणि हसू नकोस, पण देवळाली कॅम्पात लिलावात मिलिटरीची जुनी पेट्रोल जीप घेतलीय, तीही गॅसवरच चालवणार.

अडचण एकच होती, तुझ्या आईची. यशोदामावशीनं सकाळी आमचा गोठा झाडायचा आणि शेण नेऊन गोवऱ्या थापायच्या, हा तिचा आमच्या आजोबांपासूनचा हक्क. आता सगळं शेण टाकीला लागणार. मी स्वतः नाला ओलांडून तिच्याकडे गेलो. म्हटलं, मावशी, शेण मला दे, मी तुला गॅस देतो. आमची चूल पेटली की दुसरा पाइप तुझ्या चुलीला. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, गोवरी थापायची नाय, फुकायची बी नाय, मग मी दिवसभर करू काय?

शाळेतून येताना तिच्या हातची भाकरी चोरून खाल्लीय मी. माझा शब्द आहे.

तुझा,
गंगाधर


सातपूर
३० डिसेंबर १९७९

गंगाधर,

जयभीम.

तुझं पत्र विमलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचे मित्र आधीच अर्धवट होते, आता पुरते झाले. मालकांना नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, पाळी संपल्यावर कर, पण शेणाचा स्फोट झाला तर माझ्या वर्कशॉपचं नाव सांगू नकोस.

करतो टाकी. मजुरीचं बोलू नकोस, मी काय मागतोय ते ऐक.

मागच्या महिन्यात आईला इथं सिव्हिलमध्ये दाखवलं. उजव्या डोळ्यात फूल पडलंय, तो गेल्यात जमा आहे. डावा वाचवायचा असेल तर चुलीचा धूर बंद झाला पाहिजे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, आई, इथं राहा. तर म्हणते, तुमची एक खोली, त्यात दोन पोरं, तू रातपाळी करून दिवसा झोपणार, मी काय भिंतीला टेकून बसू? दोन शेळ्या आणि घर सोडून ती यायची नाही. तुला माहीतच आहे तिचा हट्ट.

म्हणून तुझं पत्र वाचलं आणि मला रडूच आलं. देव मी मानत नाही, पण तू वेळेवर आलास. माझी मजुरी म्हणजे आईच्या चुलीतली ज्योत. ती पेटली की आपला हिशेब मिटला.

टाकी अशी बनवतो की तुझी नातवंडं तिच्यावर ठोकून बघतील.

धोंडीराम


वणी, मळ्यातून
४ मे १९८०

धोंड्या,

तू मार्चमध्ये टाकी बसवून गेलास त्याला आता दीड महिना झाला. आधी पंधरा दिवस नुसता वास. काका म्हणाले, घराचा उकिरडा केलास. मग एका सकाळी पाहतो तर टाकी वीतभर वर आलेली. मालिनीनं काडी लावली आणि निळी, स्वच्छ ज्योत. भांड्याची बुडं पांढरी राहतात. आमचे यज्ञेश्वरकाका, जे रॉकेलच्या स्टोव्हवरचा चहा कधी घेत नाहीत, ते सोवळ्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, गाईचंच आहे, पवित्रच म्हणायचं. आता नैवेद्यसुद्धा गॅसवर.

इंजिन चालतं. डिझेल फक्त चाखण्यापुरतं लागतं. आणि जीप! कॅम्पातल्या ताडपत्रीवाल्याकडून रबरी कापडाची मोठी पिशवी शिवून घेतली आणि टपावर बांधली. भरली की गाडी गाभण म्हशीसारखी दिसते. पेट्रोलवर चालू करायची आणि मग गॅसवर टाकायची. पहिल्या दिवशी वणीच्या बाजारात नेली तर गडावर निघालेले यात्रेकरू वाट सोडून बघायला आले. परत येताना चढावर पिशवी संपली, बैल लावून घरी आणली. पण गेली की नाही? पेट्रोलच्या चार थेंबांवर गेली. रात्री झोप लागेना आनंदानं.

मावशी रोज सकाळी शेण कालवते. पाणी घालून, काडीकचरा वेचून, असं एकजीव करते की दुसऱ्या कुणाला जमत नाही.

फक्त तिच्याकडच्या पाइपाचं जमेना. नाल्यापर्यंत चर खणला होता, पण गॅसला तेवढा दाब नाही रे. पलीकडे पोचतच नाही. बघतोय काय करता येतं ते.

गंगाधर


सातपूर
१६ मे १९८०

गंगाधर,

जीपचं वाचून वर्कशॉपमध्ये सगळे पोट धरून हसले. बैलांचा भाग मी दोनदा वाचून दाखवला.

दाबाचं मनाला लावून घेऊ नकोस, त्याला उपाय आहेत. टाकीच्या माथ्यावर चारी बाजूंना सारखी दगडाची वजनं ठेव. टाकी जड झाली की गॅस जोरात ढकलला जातो. अर्ध्या इंचाचा पाइप एवढ्या लांब घालू नकोस, मोठा घाल. तो तुला तिथं मिळणार नाही, म्हणून मीच जमवलाय. आमच्या शेजारचा सोमा ट्रक घेऊन वणीला कांदा भरायला येतो, त्याच्याबरोबर पुढच्या आठवड्यात पाठवतो. नाल्याच्या खोलगट भागात पाइपात पाणी साठेल, त्यासाठी एक तोटी जोडून दिलीय. आठवड्यातून एकदा उघडायची, पाणी गळून जाईल. सगळ्याला लाल रंग दिलाय, म्हणजे खणताना कुणाचं फावडं लागायला नको.

एक शेगडीही आहे त्यात. पितळी बटणाची. आईला उजवीकडून दिसत नाही, म्हणून बटण डाव्या बाजूला घेतलंय.

शेण आता सगळं टाकीत जातं, मग ती सध्या चुलीत घालते काय? पावसाच्या आधी काम उरकून टाक, एवढं माझ्यासाठी कर.

धोंडीराम


वणी, मळ्यातून
१० ऑगस्ट १९८०

धोंड्या,

तुझ्या पायावर पत्रा पडल्याचं सोमाकडून कळलं. प्लास्टर किती दिवस आहे? घाई करून उठू नकोस. इथं यायची तर मुळीच घाई करू नकोस.

पाइप मिळाला. काय मजबूत माल आहे! शेगडी मालिनीनं फडक्यात गुंडाळून जपून ठेवलीय. पण पावसानं असा धरलाय की नाल्याला सारखं पाणी. चर खणला की बुजतो. शिवाय वजनं ठेवली तर टाकी एका अंगाला कलते, असा गवंड्याचा अनुभव. तेव्हा दिवाळीनंतर बघू.

जीपची पिशवी आता आणखी मोठी केलीय. एका दमात वणीला जाऊन येते. जिल्ह्याच्या ऑफिसातून पत्र आलंय, मोठे साहेब बघायला येणार म्हणतात. परदेशातून तेल आणायचं थांबवायचं असेल तर असे शेतकरी हवेत, असं त्यात लिहिलंय. मालिनीनं ते पत्र देवघरात ठेवलं.

मावशी ठीक आहे. शेळी व्यायली.

गंगाधर


सातपूर
२६ ऑक्टोबर १९८०

गंगाधर,

प्लास्टर निघालं. अजून काठी लागते, पण कामावर जातो.

आई दसऱ्याला धम्मचक्र दिनासाठी इथं आली होती. दोन दिवस राहिली. मी गॅसचं विचारलं तर म्हणाली, व्हईल, व्हईल, तू नको जीव टाकू. पुन्हा विचारलं तर पोरांशी खेळायला लागली. विमल म्हणते, सासूबाई भाकरी टाकताना तवा हातानं चाचपतात. तुला काही बोलायचा तिला संकोच वाटतो, एवढं मला कळतं. ती तुझ्याकडे मागणार नाही. म्हणून मी मागतो.

एक गोष्ट मला कळत नाही, रागावू नकोस. जीपच्या एवढ्या पिशवीला गॅस पुरतो आणि माझ्या आईच्या एका भाकरीला पुरत नाही? टाकी कलते म्हणतोस. मी केलेली टाकी कलायची नाही रे. कलत असेल तर वजनं एकाच बाजूला ठेवली असतील. पुढच्या रविवारी मीच येतो आणि दिवसभरात पाइप टाकून देतो. तू फक्त फावडं दे.

धोंडीराम


वणी, मळ्यातून
२९ ऑक्टोबर १९८०

धोंड्या,

रविवारी येऊ नकोस. आम्ही सगळे त्र्यंबकला आहोत, मग दिवाळी. आणि लंगड्या पायानं तू नाल्यात उतरणार, काही झालं तर मावशीला तोंड कसं दाखवू?

जीपचं म्हणशील तर इंजिन गॅस ओढून घेतं, शेगडीला ओढता येत नाही. एवढं साधं तुला सांगायला नको.

साहेब जानेवारीत नक्की येणार. त्याच्या आत मावशीच्या घरी गॅस पेटलेला असेल. साहेबांनाच दाखवायचा आहे. आता तरी विश्वास ठेव.

गंगाधर


सातपूर
२० जानेवारी १९८१

माझ्या गंगाधरा,

काल कँटीनमध्ये पेपर उघडला आणि माझी आई! चुलीपुढे बसलेली, समोर माझी शेगडी, तिच्यावर पातेलं, मागे तू आणि सूट घातलेले साहेब. खाली छापलंय की नाल्यापलीकडच्या बौद्ध कुटुंबाच्या घरातही गोबरगॅस. मी ओरडलो तसा फोरमन धावत आला, त्याला वाटलं पुन्हा पाय गेला.

पेढे वाटले. विमलनं पोरांना शेजारी पाठवून सगळ्यांना फोटो दाखवला. तो कापून मी माझ्या मशीनच्या वर चिकटवलाय. ठिणग्यांनी कडा जळतील, पण राहू दे.

गंगाधर, तुझ्याविषयी माझ्या मनात काय काय आलं होतं ते मी लिहीत नाही. हा पाइप टाकणारच नाही, असं मी विमलला बोलून गेलो होतो. आमची माणसं म्हणतात, त्यांचा शब्द गोड असतो आणि हात आखडता. मी वाद घालायचो, आमचा गंगाधर तसा नाही. मधले चार महिने मीही वाद घालायचं सोडलं होतं. लाज वाटते आज.

तू माझ्या आईचा डोळा वाचवलास. या जन्मात मी हे विसरणार नाही. सख्खा भाऊ असता तर यापेक्षा काय करता?

तुझाच,
धोंडीराम


वणी, मळ्यातून
२७ जानेवारी १९८१

धोंड्या,

तुझं पत्र पोचलं. अरे, एवढे आभार कशाला? मित्रासाठी एवढंही केलं नाही तर मैत्री कशाची.

आता एक काम. फेब्रुवारीत नाशकात शेतीचं प्रदर्शन आहे, तिथं जीप घेऊन यायचं आमंत्रण आलंय. तीन दिवस मी तिथंच असेन. गॅस आणि पेट्रोल बदलायचा कॉक गळतो, तसा दुसरा चांगला बनवून ठेव. प्रदर्शनात भेटूच, चहा माझ्याकडून.

गंगाधर


वणी
९ फेब्रुवारी १९८१

श्री. धोंडीरामभाऊजी यांस,

मालिनीचा नमस्कार. मी तुम्हाला लिहितेय हे घरात कुणाला माहीत नाही.

तुमचं पेढ्यांचं पत्र यांनी जेवताना वाचून दाखवलं. काका म्हणाले, झालं ना त्याचं समाधान, मग झालं. हे हसले आणि ताक मागितलं. मी ताक आणायला उठले ती पुन्हा पानावर बसले नाही. तेव्हापासून रोज ठरवतेय, आज लिहीन, उद्या लिहीन.

मावशींच्या घरी गॅस नाही. साहेब आले त्या दिवशी दुपारपुरता होता. यांनी काकांना आदल्या दिवशी त्र्यंबकला पाठवलं, पाइप जमिनीवरूनच नाल्यापलीकडे नेला आणि तुमची शेगडी जोडली. मावशींनी साहेबांसाठी चहा टाकला. त्यांनी फोटोपुरता कप हातात धरला आणि ठेवून दिला. पण मावशींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या ज्योतीजवळ तोंड नेऊन बघत होत्या. मला म्हणाल्या, पोरी, डोळ्याला काहीच लागंना गं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका यायच्या आत पाइप गुंडाळला, शेगडीही आणली. फोटोपुरती नुसती शेगडी मांडली होती, असं काकांना सांगितलंय. त्याच सकाळी मावशी रोजच्यासारख्या शेण कालवायला आल्या होत्या.

दाब वगैरे काही नव्हतं, भाऊजी. गेल्या मे महिन्यात चर नाल्यापर्यंत गेला तेव्हा काकांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, एका टाकीला दोन चुली जोडल्या म्हणजे त्या चुली एकच झाल्या. त्यांच्याकडे जे शिजेल त्याचा विटाळ नळीतून माघारी आपल्या देवाच्या नैवेद्यात येणार. पाइप जोडलात तर मी या घरात अन्न घेणार नाही. मावशींनी हातानं कालवलेलं शेण त्यांना चालतं, मावशींची चूल चालत नाही. हे दोन दिवस भांडले. त्यांना मनापासून जोडायचा होता, हे खोटं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माणसं लावून चर बुजवला आणि तुम्हाला दाबाचं लिहिलं.

तुम्ही पाठवलेला लाल पाइप जीप ठेवायच्या छपराकडे गेलाय. पिशवी त्याच्यानंच भरतात.

मावशींना शेण नाही, गॅस नाही. नाल्यातल्या ओल्या फाट्या जाळतात. परवा शेणाच्या कुंडीच्या काठावरून त्यांचा पाय घसरला, कड दिसली नाही त्यांना. सतरा तारखेपासून हे प्रदर्शनाला नाशकात आहेत. तेव्हा या आणि त्यांना घेऊन जा. उशीर करू नका.

मालिनी


वणी, मळ्यातून
१ मार्च १९८१

धोंडीराम,

हे तू चांगलं केलं नाहीस. मी प्रदर्शनात तुझी वाट बघत होतो आणि तू इकडे वणीत येऊन सोमाच्या ट्रकमध्ये मावशीला आणि शेळ्यांना घालून घेऊन गेलास. माझ्या दारावरून गेलास आणि मालिनीला हाकसुद्धा मारली नाहीस. गावात लोक मला विचारतात, काय भांडण झालं? मी काय सांगू?

कुणी तरी तुझे कान भरलेत. असेल, पाइप काढून ठेवावा लागला. तुला काय वाटतं, मला आवडलं? काकांशी मी किती भांडलो ते मलाच ठाऊक. ज्यांनी बाप गेल्यावर वाढवलं त्यांना या वयात उपाशी मारू? समाज एका रात्रीत बदलत नाही, धोंड्या, तू तरी हे समजून घ्यायला हवंस. काकांच्या मागे पहिलं काम मावशीच्या पाइपाचं करीन. आणि तुला दाबाचं लिहिलं ते तुझं मन राखायला. खरं लिहिलं असतं तर तुला किती लागलं असतं?

मावशीला मी कधी काही कमी केलं? सणाला लुगडं, रोज ताक. तीस वर्षांचा संबंध असा तोडायचा असतो?

इथं शेण कालवायला माणूस नाही. मंगळू नावाचा एक ठेवला होता, चार दिवसांत पळाला. टाकी अर्धी खाली बसलीय. पुढच्या आठवड्यात पुण्याची माणसं जीप बघायला येणार आहेत. मावशीला महिनाभर तरी पाठव. तिला इथंच करमतं, तूच म्हणायचास.

गंगाधर


सातपूर
१५ मार्च १९८१

श्री. गंगाधरपंत यांस,

आजपासून तुम्हाला अहोजाहो. अरेतुरे ज्याला करत होतो तो माणूस आता मला आठवत नाही.

कान कुणी भरले नाहीत. मी वस्तीत आलो तेव्हा आई चुलीपुढे वाकून फुंकत होती. घरभर धूर. मी दारात उभा राहिलो तर तिनं विचारलं, कोण हाय? मी बोललो तेव्हा ओळखलं. मग मी जीपच्या रिकाम्या छपराकडे गेलो. लाल पाइप पाहिला. पाणी काढायची तोटी मी जोडली होती, ती तुम्ही नीट बसवलीत आणि वेळेवर उघडता, हेही दिसलं. जमिनीवर पाण्याचा डाग होता. म्हणजे मी लिहिलेलं सगळं तुम्हाला समजलं होतं.

तुमच्या काकांचा मला तेवढा राग नाही. ते जे मानतात ते तोंडावर म्हणतात. माझं मन राखलंत म्हणता. आठ महिने मी पाळीवरून आलो की जमिनीवर खडूनं नाला काढायचो, तुमचं घर काढायचो, माझं घर काढायचो, आणि गॅस कुठं अडतो ते शोधायचो. पायाला प्लास्टर असताना शोधलं. पोरं विचारायची, बाबा, हे काय? मी सांगायचो, आजीची चूल पेटवतोय. तुम्ही माझं मन नाही राखलंत, त्याच्याशी खेळलात. आणि मी पेढे वाटल्याचं पत्र तुम्ही जेवताना वाचलं असेल आणि उत्तरात माझ्याकडे कॉक मागितलात.

आईला सिव्हिलमध्ये ठेवलं होतं. डाव्या डोळ्याला जखम होऊन ती चिघळली होती. पंधरा दिवस पट्टी होती, परवा काढली. उजेड आणि अंधार कळतो. माणूस कळत नाही. आणखी वर्षभर आधी धूर थांबला असता तर भाकरी टाकण्यापुरतं दिसलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ती परत येणार नाही. शेण तुमचं तुम्ही कालवा. टाकीही ठेवा, मी केलीय, बरीच वर्षं टिकेल.

हे पत्र इथंच संपवणार होतो. पण पट्टी असताना एक दिवस मी आईला विचारलं, वर्षभर मला एका शब्दानं का नाही सांगितलंस? दसऱ्याला घरी आलीस, तेव्हा तरी सांगायचंस. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "गंगाधर म्हणला, मावशी, तुझ्या पोराच्या टाकीत खोट हाय. जोड नीट बसला नाय, म्हणून गॅस तुझ्यापत्तूर येत नाय. त्याला बोलू नको, जिवाला लावून घेईल. म्हणून नाय बोलले."

तुमच्यावर विश्वास ठेवून तिनं धूर सोसला. माझं कमीपण झाकायला. वस्तीतल्या बायका विचारायच्या, पोरानं एवढी टाकी केली, मग तुझ्याकडं का नाही गॅस? तर ती त्यांना सांगायची, एवढ्या मोठ्या कामात माणसाचं एखादं चुकतं. दवाखान्यातसुद्धा माझा हात धरून माझीच समजूत घालत होती, की तू शिकशील अजून, पुढची टाकी चांगली करशील.

मी तिला सगळं खरं सांगितलं. काकांचं, चराचं, जीपचं.  डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे ती रडतेय की काय ते मला कळेना. तुम्ही लहानपणी तिच्या दारात बसून भाकरी खायचात, ते तिला आठवत असेल, असं मला वाटलं. मग ती म्हणाली,

"टाकीतच खोट निघाली असती तर बरं झालं असतं रे."

धोंडीराम